ज्योत न दिसणारी भट्टी

मास्तर,

तुम्हाला माती देऊन आज नऊ दिवस झाले. त्या दिवशी शिरूरच्या दफनभूमीत तुमच्या विद्यार्थ्यांची एवढी गर्दी होती, की मला मागं बाभळीखाली उभं राहावं लागलं. पाद्रीसाहेब बोलले त्यातलं अर्धंच ऐकू आलं. तीस वर्षं भट्टीच्या पंख्याशेजारी काढलेल्या माणसाचे कान म्हणजे नुसती शोभा. शेवटी रांगेतून पुढं आलो, मूठभर माती टाकली आणि तोंडातल्या तोंडात म्हणालो, "मास्तर, एक सांगायचं हुतं." तेवढ्यात मागच्यानं पुढं सरकवलं. आजवर हे असंच होत आलं. कधी कुणी मला सरकवलं, कधी मीच सरकलो.

आता सगळं क्रमानं लिहून काढतो, म्हणजे मधेच सटकायला जागा राहणार नाही. शाळेत शोकसभा झाली, तुमचे गुण सांगणारे पुष्कळ जण बोलले. त्यातलं मला काही सांगायचं नाही, ते सांगायला माझं शिक्षणही नाही. माझ्याजवळ तुमच्यासोबतचे तीन रविवार आहेत, आणि एक गोष्ट आहे जी तुम्ही शेवटपर्यंत चुकीची समजत राहिलात. तिसऱ्या रविवारी आपली भट्टी बंद पडली. तुम्हाला वाटलं, तुमचं गणित चुकलं. भट्टी का बंद पडली ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी. दौंडला स्टेशनच्या पलीकडं माझी पत्र्याची फौंड्री. उसाच्या चरकाचे रूळ, पंपाच्या बॉड्या, नांगराचे फाळ असलं ओतकाम चालायचं. तुम्ही शिरूरच्या शाळेतले सायन्सचे मास्तर, प्रयोगशाळेतली मोडकी बिडाची तिपाई पिशवीत घालून एसटीनं आला होता. पायाला सायकलची क्लिप तशीच. सायकल शिरूरच्या स्टँडवर आणि क्लिप दौंडला. मी मनात म्हटलं, हा माणूस एक तर लई हुशार असणार, नाही तर अगदीच वेंधळा. पुढं कळलं, दोन्ही.

तिपाई ओतून होईपर्यंत गप्प बसवेल ते मास्तर कसले. तुमची नजर भट्टीच्या तोंडावर गेली. तिथं निळी ज्योत नाचत होती.

"मिस्त्री, ती ज्योत कसली?"

"भट्टी जित्ती हाय, त्याची खूण."

"पण जळतंय काय तिथं?"

"जळतंय ते जळतंय की. निळी झाली म्हंजी भट्टी लागली. मग आमी जेवाय बसतो."

तुम्हाला ते जेवणाचं फार नवल वाटलं. तेव्हा मी तुम्हाला आमचा रिवाज सांगितला होता. माझे वस्ताद पुण्याचे, जुने ओतारी. त्यांनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या. भट्टी पेटवली की तिच्याकडं पाठ करायची नाही, आणि वरची ज्योत निळी झाल्याशिवाय भट्टीवाल्यानं तोंडात घास घालायचा नाही. का म्हणून विचारलं तर कानफटात मिळाली, म्हणून परत विचारलं नाही. केंदूरहून निघालेला पंधरा वर्षांचा मी, तेव्हापासून तो नियम कधी मोडला नाही. आमच्या घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लागते, देवधर्म कधीच सुटला. पण ज्योतीपुढं उपाशी राहणं काही सुटलं नाही.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग म्हणालात, "मिस्त्री, रागावू नका. तुम्ही ज्याला खूण म्हणता ना, तो तुमचा सगळ्यात कामाचा गडी आहे. आणि तुम्ही त्याला रोज छपरावरून बाहेर हाकलता."

मग तुम्ही मातीवर काडीनं भट्टी काढलीत. आम्ही फौंड्रीवाले लोखंड नुसतं वितळवतो. ते बनतं मोठ्या कारखान्यांत, खाणीतल्या दगडापासून. त्या दगडात लोखंडानं ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवलेलं असतं. कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, जळून जो वायू होतो, तो वर जाताना दगडातला ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. पण सगळा वायू काही कामाला लागत नाही. बराचसा तसाच न वापरलेला वर येतो आणि तोंडाशी निळा जळून जातो. तो धरायचा आणि परत भट्टीच्या बुडाशी सोडायचा. म्हणजे तोच गडी पुन्हा कामाला, आणि कोक कमी लागणार.

"मग धरत का न्हाईत?" मी विचारलं.

"हवेमुळं. आपण भट्टीत हवा फुंकतो. हवेचे पाच भाग धरा, त्यातला एक ऑक्सिजन, चार नायट्रोजन. हा नायट्रोजन आत येतो, फुकटचा ताप घेतो, काडीचं काम करत नाही आणि निघून जातो. त्याच्या गर्दीत आपला वायू वेगळा कसा करणार?"

"म्हंजी आमच्या मेव्हण्यासारखा."

तुम्ही इतके हसलात की तिपाईचा साचा बघायला आलेला गडी दचकला. त्या दिवसापासून आपल्या दोघांत नायट्रोजनला मेव्हणा हेच नाव पडलं. मेव्हण्याला बोलवायचंच नाही, नुसता ऑक्सिजन फुंकायचा, आणि वरचा वायू चुना कालवलेल्या पाण्यातून नेऊन परत आत सोडायचा. वापरून झालेला वायू चुना गिळतो, कामाचा तेवढा पुढं येतो. परदेशात कुणीतरी असा विचार मांडलाय, असं तुम्ही पुण्याच्या लायब्ररीतल्या मासिकात वाचलं होतं. करून कुणी बघितलं होतं का, ते त्यात नव्हतं. तुम्हाला तेवढंच पुरे झालं.

मी तेव्हा कोकवरून टेकीला आलेला. कोकची रेल्वेची वाघीण आज येते, उद्या येते, करत महिना जायचा. आलेल्या कोकात दगड निघायचे. त्यामुळं कोक वाचेल हे शब्द ऐकले आणि मी तुमच्या नादी लागलो. खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला ज्योतीतलं 'का' सांगितलं होतं, आणि कानफटात न देता.

शेडच्या मागं उघड्यावर आपण भट्टी उभी केली. भंगारात मिळालेली बॉयलरची जाड पाइप, आतून भट्टीच्या विटा, पुरुषभर उंची. वर घट्ट बसणारं झाकण, त्याला आवळायच्या तीन चाव्या. झाकणाखालून निघालेली नळी चुन्याच्या पिंपातून फिरून मोटरच्या छोट्या पंख्यानं परत खाली यायची. खाली तांब्याची तोटी, तिच्यातून ऑक्सिजन आणि परतीचा वायू दोन्ही एकदम आत. सिलिंडर वेल्डिंगवाल्याकडून. खनिजाची दोन पोती शिक्रापूरच्या एका ट्रकवाल्यानं कोकणातल्या खाणीवरून आणून दिली. तो तुमचा जुना विद्यार्थी निघाला. तुमचे विद्यार्थी कुठं नव्हते!

तोटीबद्दल आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, नुसत्या ऑक्सिजनचा ताव तांबं खाऊन टाकील. वेल्डर लोखंड कापतो तो काय वेगळं करतो? तुम्ही वहीत आकडे मांडलेत. "परतीचा वायू दोन कामं करतो मिस्त्री. वर जाऊन दगडातून लोखंड सोडवतो, आणि तोटीपाशी ऑक्सिजनचा ताव आवरतो. तो येत राहिला तर तोटीला काही होत नाही. फक्त तो येत राहिला पाहिजे." मी म्हटलं, कागदावर सगळ्याच तोट्या टिकतात. तुम्ही म्हणालात, तुम्ही अडाणी नाही, अडेल आहात. दोन एसटी चुकल्या तुमच्या त्या दिवशी.

पहिल्या रविवारी तुम्ही सकाळची उपासना आटोपून थेट आलात, अंगात चर्चचे परीटघडीचे कपडे. झाकणाच्या फटीतून वायू गळला आणि आपली दोघांचीही डोकी अशी ठणकली की मी पिंपाशेजारीच ओकलो. हा वायू वासाशिवाय माणूस मारतो, हे तुम्ही मला आधी सांगितलं होतं. मला ते मास्तरकीचं वाटलं होतं. तेव्हा तुम्ही नियम केलात: वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं, आणि भट्टीपाशी कुणी एकट्यानं थांबायचं नाही. दुसऱ्या रविवारी तासभर भट्टी चालली. दुसऱ्या दिवशी बूड फोडलं तर किटात लोखंडाचे बारीक मणी सापडले, लोहचुंबकाला भराभर चिकटणारे. तुम्ही ते रुमालात बांधून वर्गात नेलेत.

त्या दोन्ही दिवशी मी उपाशी होतो, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? या भट्टीला ज्योतच नव्हती. वायू सगळा नळीतून जाणार, तोंडाशी जळणार काय? तुम्ही वहिनींनी दिलेला डबा पुढं करायचात आणि मी नको म्हणायचो. तुम्हाला वाटायचं, मिस्त्री लाजतोय.

तिसऱ्या रविवारी पुण्याहून ते प्राध्यापक यायचे होते. तुम्ही त्यांना मणी पाठवले होते, आकडे पाठवले होते. त्यांचं उत्तर तुम्ही मला चार वेळा वाचून दाखवलंत. प्रयोग डोळ्यांनी बघायला येतो, नीट चालला तर वर्षभर आमच्या प्रयोगशाळेत काम करा, शाळेतून रजा मिळवायचं मी बघतो. मास्तर, ते वाचताना तुमचा आवाज कसा व्हायचा, ते मला अजून आठवतं. आठवीच्या वर्गाला तीच ती तिपाई आणि तोच तो बर्नर दाखवत आयुष्य गेलेल्या माणसाला कुणीतरी सांगत होतं, या, खरं काम करा.

सकाळी भट्टी पेटली, ऑक्सिजन लागला, झाकण बसलं, चाव्या आवळल्या. सगळं सुरळीत. गाडीची वेळ झाली आणि तुम्ही टांगा घेऊन स्टेशनला निघालात. भट्टीपाशी एकट्यानं थांबायचं नाही, हा नियम तुमचाच, आणि तो मोडलातही तुम्हीच. जाताना म्हणालात, "अर्ध्या तासात येतो. झाकणाला हात लावू नका. आणि तेवढा डबा खाऊन घ्या, सकाळपासून चहावर आहात."

"ज्योत निळी झाल्याबिगर न्हाई."

"अहो, या भट्टीला ज्योतच नाही!"

"मग जेवन बी न्हाई."

तुम्ही हसत टांग्यात बसलात. हसणारे तुम्ही मला दिसलात, ते त्या दिवसातले शेवटचे.

गाडी लेट होती. अर्ध्या तासाचा तास झाला. ऊन डोक्यावर. मी भट्टीसमोर बसलो होतो आणि भट्टी गप्प होती. पंखा घुमत होता, एवढाच आवाज. वर बघावं तर नुसतं काळं झाकण. पंचवीस वर्षं मी ज्योतीकडं बघून भट्टी चालवलेली. ज्योत पिवळी झाली तर काय, लाल झाली तर काय, विझली तर काय, ते झोपेत सांगीन. आणि इथं बघायलाच काही नाही. तोटीमागं तुम्ही वेल्डरची काळी काच बसवली होती, तिच्यातून आतला उजेड दिसायचा. पण माझा काचेवर विश्वास नव्हता. काचेत काय, सिनेमाही दिसतो.

मला वाटायला लागलं, भट्टी गार पडली. आत लोखंड थिजलं, आता तुम्ही साहेबांना घेऊन याल आणि मी मेलेल्या भट्टीसमोर बसलेला असेन. ते विचार डोक्यात शिरले आणि मला राहवेना. मी चाव्या सैल केल्या, वाऱ्याच्या बाजूला उभा राहिलो, सांडशीनं झाकण बोटभर उचललं आणि जळती चिंधी फटीशी धरली. भक्कन ज्योत उठली. आधी पिवळी, मग स्वच्छ निळी.

काय सांगू मास्तर! आत बाळंतीण असावी, दाराबाहेर आपण उभं असावं आणि लेकराचं रडणं ऐकू यावं, तसं झालं मला. भट्टी जिती होती. छान चालली होती. तुमचं सगळं बरोबर होतं.

तिथंच झाकण बंद केलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण ज्योत निळी झाली होती आणि मला भूक लागली होती. झाकण बंद केलं की ज्योत जाणार, आणि ज्योतीशिवाय जेवायचं कसं? म्हटलं, चार घास खातो आणि मग बंद करतो. फटीत एक खिळा ठेवला, साच्याच्या पेटीवर बसलो, वहिनींचा डबा उघडला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. ज्योतीकडं बघत मी सुखानं जेवत होतो.

आणि तो वायू, जो खाली परत जायला हवा होता, तो माझ्या डोळ्यांसमोर निळा जळून चालला होता. फक्त तो येत राहिला पाहिजे, असं तुम्ही सांगितलं होतं. मला ते पाठ होतं. भाकरी चावताना ते आठवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या भाकरीला आवाज बदलला. खाली तोटीपाशी फर्रर्र झालं, ठिणग्या उडाल्या. नुसत्या ऑक्सिजनच्या तावात तांबं लोण्यासारखं गेलं. मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला. मग फटीतला खिळा काढला, झाकण बसवलं आणि तिन्ही चाव्या आवळल्या. भट्टी बंद झाल्यावर झाकण आवळायची काय गरज होती? काहीच नव्हती. हात का गेले, ते मला तेव्हाच कळलं होतं.

पाचच मिनिटांत टांगा आला. तुम्ही उतरलात, पाठोपाठ ते प्राध्यापक, हातात छत्री. माझ्या तोंडाकडं बघूनच तुम्ही ओळखलंत.

"तोटी गेली मास्तर," मी म्हणालो.

तुम्ही खाली बसून तोटीची भोकं बघितलीत. वर झाकणाकडं बघितलंत, ते घट्ट होतं. मला काही विचारलं नाहीत. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. पण विचारायचं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. मिस्त्रीनं हात लावला नसणार, हे तुम्ही धरूनच चालला होता.

प्राध्यापक भला माणूस. त्यांनी दोष दिला नाही. गार झाल्यावर काढलेली तोटी हातात फिरवत ते एवढंच म्हणाले, "ऑक्सिजनच्या तावाला परतीचा वायू पुरत नाहीये, मास्तर. हे मोठ्या कारखान्यांचं काम आहे." तुम्ही मान हलवलीत. परतीच्या गाडीला त्यांची बॅग तुम्ही उचललीत, ते मला अजिबात बघवलं नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही प्राध्यापकांना पत्र लिहून आणलंत, पेटीत टाकायच्या आधी मला वाचून दाखवायला. त्यात होतं: माझी मांडणी चुकीची होती. परतीचा वायू तोटीचे रक्षण करू शकत नाही, असे प्रयोगांती दिसून आले. खाली तुमची सही. तुम्ही विचारलंत, "बरोबर लिहिलंय ना मिस्त्री?" तुमच्यासारख्या माणसाच्या हातून मी खोटं लिहून घेतलं, मास्तर. आणि वर म्हणालो, "अक्षर झ्याक हाय."

त्यानंतरचं आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. उलटं भांडण. आता मी म्हणायचो, तुमचं गणित बरोबर आहे, आणि तुम्ही म्हणायचात, नाही. आणीबाणी उठली त्या सालात तुम्ही एकदा फार चिडलात. "तोटी जळाली ती काय खोटी जळाली? डोळ्यांनी बघितलंय ना आपण?"

"तोटीचं काय सांगता? तांबंच कच्चं असंल. गणित न्हाई चुकायचं तुमचं."

"मिस्त्री, पूर्वी तुम्ही माझ्या एका आकड्यावर विश्वास ठेवत नव्हता. आता हे काय काढलंय? मला खोटं समाधान नको."

मी खोटं समाधान देत नव्हतो. फक्त खरं का ते सांगत नव्हतो. तुम्ही तणतणत उठून गेलात, आणि पंधरा दिवसांनी शाळेची मोडकी घमेली घेऊन पुन्हा आलात. तुमचा राग असाच, त्याला पाय नव्हते.

पण सगळ्यात मोठं पाप पुढंच आहे. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही आला होता. जिना नसूनही दम लागला होता. साच्याच्या पेटीवर बसलात, भट्टीच्या गंजक्या पाइपकडं बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "मिस्त्री, एकदा परत करून बघू या का? साहेब-बिहेब कुणी नको. आपल्यासाठीच. सिलिंडर मी बघतो."

मी म्हणालो, "जाऊ द्या मास्तर, आता वय झालं. तब्येत सांभाळा."

किती शहाण्यासारखं बोललो! खरी गोष्ट ही, की ती चालेल याचीच मला भीती वाटली. चालली असती, आणि तुम्ही वळून विचारलं असतं, मग त्या दिवशी काय झालं होतं? तेवढ्यासाठी मी तुम्हाला नाही म्हणालो. तुम्ही "बरं" म्हणालात आणि चहा घेऊन एसटीला गेलात. एक दिवस, मास्तर. एक रविवार मी तुम्हाला दिला असता तर तुम्ही तुमची भट्टी चालताना बघून गेला असता.

परवा वहिनींना भेटायला गेलो. अंगणात बाजरी निवडत बसल्या होत्या, करायचं म्हणून काहीतरी. मी पायरीवर बसलो. त्या म्हणाल्या, "तुमचं लई नाव काढायचे ते. म्हनायचे, समदी लोकं आता त्या भट्टीवरनं हसत्यात, पर मिस्त्री येकटा म्हनतो गणित बरुबर हाय. त्या मानसामुळं मला कवा हरल्यासारखं वाटलं न्हाई."

मला ते सोसलं नाही. तिथंच सगळं सांगून टाकलं, झाकण, खिळा, भाकरी, सगळं. वहिनींचे हात सुपात थांबले. मी जमिनीकडं बघत बसलो, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

त्यांनी विचारलं, "भरीत हुतं का त्या दिशी?"

"व्हय."

"म्हंजी गणित खरंच बरुबर हुतं त्यांचं?"

"व्हय वहिनी. शंभर टक्के."

त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर नीट केला, चपला घातल्या. "चला," म्हणाल्या. वाटेत पोस्टापाशी थांबून त्यांनी एक पाकीट घेतलं आणि माझ्या खिशात घातलं. "पुन्याच्या सायबाला बी लिवायचं. त्यांच्या सहीचं खोटं तसंच ऱ्हायला नगं." ते मी काल लिहिलं, माझ्या नावानं, आणि टाकलं.

दफनभूमीत भर उन्हाचं कुणी नव्हतं. मातीवरचे हार वाळून गेले होते. वहिनी म्हणाल्या, "बोला," आणि चार पावलं मागं जाऊन उभ्या राहिल्या. मी टोपी काढली. तोंड उघडलं, मिटलं. घामानं सदरा भिजला तरी मी आपला उभा.

शेवटी वहिनीच पुढं आल्या. ओट्यापाशी वाकल्या आणि स्वयंपाकघरातून अंगणात हाक मारावी तशा मोठ्यानं म्हणाल्या, "अवो, ऐकलं का? तुमचं गणित बरुबर हुतं! ह्यो मिस्त्री भाकर खायाला झाकण उघडून बसला हुता!"

आणि हसल्या, मास्तर. खरंच हसल्या. हसता हसता मधेच त्यांचा आवाज फुटला आणि त्या तिथंच मातीत बसल्या. मीही बसलो. मग पदरानं डोळे पुसून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "आता तुमी सांगा. माझ्या सांगन्यावर त्यांनी कवा इस्वास ठेवलाय?"

मी मातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "व्हय मास्तर. मीच उघडलं हुतं."